पुठ्ठ्यावर ठरलेला रीडर

चाकणच्या कंपनीत रबरी भागांच्या चाचण्या घेता घेता मी चाळिशीत पीएचडीला नाव नोंदवलं, तेव्हा घरात सगळ्यांनी एकच विचारलं, वाचणार कधी? माझं उत्तर तयार होतं. पुनावळ्याहून निघालेली कंपनीची बस चाकणच्या वाटेवर इतकी रखडते, की तेवढ्यात एखादा शोधनिबंध सहज वाचून व्हावा.

प्रत्यक्षात तो होईना. आमच्या विषयातले निबंध दोन रकान्यांत छापलेले असतात. मोबाइलवर अक्षर मोठं केलं, की ओळ पडद्याबाहेर जायची. एक ओळ वाचायला पान उजवीकडे सरकवा, पुढच्या ओळीला डावीकडे आणा. तळवडे येईपर्यंत मळमळायला लागायचं. मग निबंध छापून घेतले. एका सकाळी खिडकीतून वारा आला आणि समीकरणांची पानं उडाली. निम्मी बसमध्ये सापडली, उरलेली शेजारून चाललेल्या टेम्पोच्या हौद्यात पडली आणि आमच्याआधी चाकणला पोचली. टॅबलेट नको होता, कारण दिवसभर संगणकासमोर बसल्यावर डोळ्यांना आणखी उजेड सोसत नव्हता. म्हणून ई-इंकचा रीडर घ्यायचं ठरवलं. त्याचा पडदा कागदासारखा दिसतो आणि उन्हातही वाचता येतो.

आता घ्यायचा कोणता, हे काही ठरेना. सहा इंचांपासून तेरा इंचांपर्यंत मापं होती. रोज संध्याकाळी मी त्यांचे व्हिडिओ बघत बसायचे आणि दरवेळी माझं मत बदलायचं.

माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणते, हे सगळं शेजारी बसून बघत होते. मामा पुनावळ्यातल्या जुन्या शेतकरी घरातले, पण उभी नोकरी त्यांनी पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, ड्रॉइंग काढून साचे बनवण्यात केली. निवृत्त झाल्यापासून घरातल्या दारांच्या बिजागऱ्या आणि नळ दुरुस्त करून संपले होते, आणि ते नव्या कामाच्या शोधातच होते. पडद्याचं माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सांगतात, हे कळल्यावर तर ते वैतागलेच. असं तिरकं माप कोण घेतं, म्हणाले. मग मला म्हणाले, "चित्रं बघून माप कळत न्हाई, पोरी. घरात पुठ्ठा हाय का बघ."

फ्रिजच्या खोक्यातून त्यांनी चार पुठ्ठे कापले, प्रत्येक रीडरच्या मापाचा एक. मी एकाच निबंधाचं पान चार आकारांत छापून त्यांवर चिकटवलं. मला वाटलं, झालं. पण मामांनी विचारलं, वजनाचं काय? त्यांनी इंटरनेटवरून वजनं माझ्याकडून काढून घेतली आणि पुठ्ठ्यांच्या मागे लोखंडी पट्ट्या बसवल्या. वजन करायला स्वयंपाकघरातला काटा वापरला, म्हणून सासूबाई दोन दिवस त्यांच्याशी तुटक बोलत होत्या.

ते पुठ्ठे घेऊन मी बसमध्ये बसायला लागले. माझ्या शेजारी अकाउंट्समधली मैत्रीण बसायची. पहिल्या दिवशी तिने पुठ्ठ्याकडे दोनदा वळून बघितलं. दुसऱ्या दिवशी तिने हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी सांगितल्यावर ती इतकी हसली, की पुढच्या सीटवरचे लोक वळून बघायला लागले. मग पुठ्ठे बसभर फिरले आणि प्रत्येकाने मत दिलं. सहा इंचांवर अक्षरं मुंगीएवढी दिसत होती. तेरा इंचांवरचं पान सुरेख होतं, पण गतिरोधक आला की पुठ्ठ्याचा कोपरा मैत्रिणीच्या चष्म्याला लागायचा. आठ इंचांचा हाताला हलका, पण आलेखाखालचे आकडे वाचायला नाकाशी धरावा लागायचा. दहा इंचांचा मांडीवर नीट बसला आणि पूर्ण पान दिसलं. दोनदा तर मी पुठ्ठ्यावरचं पान खरोखरच वाचत बसले आणि कंपनीचं गेट आल्याचं मैत्रिणीने सांगितलं.

माप ठरलं, तरी खरा रीडर बघितल्याशिवाय घेऊ नये, असं मामांचं म्हणणं पडलं. माझ्या मार्गदर्शकांकडे संशोधन करणारी एक मुलगी संत तुकाराम नगरला राहते. तिच्याकडे दहा इंची होता. रविवारी सकाळी आम्ही दोघं तिच्या घरी गेलो, मामा खिशात टेप घेऊन. तिने गॅलरीत खुर्च्या मांडल्या, चहा आणला आणि रीडर सरळ मामांच्या हातात दिला. पान उलटताना पडदा क्षणभर काळा झाला, तसे मामा दचकले आणि म्हणाले, "माझ्या हातनं बिघडलं का काय?" पान बदलताना तो असाच करतो, असं तिने समजावल्यावर त्यांनी आणखी पंधरा-वीस पानं उलटून खात्री करून घेतली.

मी माझे निबंध सोबत नेले होते, ते तिने रीडरवर चढवून दाखवले. समासात पेनने लिहिता येत होतं. जुना, स्कॅन केलेला निबंध जरा पुसट दिसला, पण वाचता आला. अडचण आली ती आलेखात. लाल आणि निळी रेघ दोन्ही सारख्याच करड्या. तिनेच सांगितलं, की रंगीत पडद्याचेही रीडर मिळतात, पण तिने पाहिलेल्यात अक्षर फिकं होतं. मी विचार केला, आलेख ऑफिसच्या संगणकावर बघता येतील, अक्षर मात्र रोज वाचायचंय. तिथेच काळा-पांढरा नक्की केला.

रीडर घरी आला त्या संध्याकाळी मी मामांच्या हातात पेन दिलं, काही लिहून बघा म्हटलं. त्यांनी नाव वगैरे लिहिलं नाही. एक सरळ रेघ ओढली, मग दुसरी, आणि बघता बघता रीडर उभा ठेवायच्या स्टँडचं चित्र काढलं, समोरून आणि बाजूने, मापांसकट. निवृत्तीनंतर त्यांनी काढलेलं ते पहिलं ड्रॉइंग. सासूबाईंनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "हात तसाच हाय की तुमचा." मामा मान खाली घालून पेन पुसत राहिले, पण मला त्यांचं हसू दिसलं.

स्टँड तयार झाला. त्यानंतर सासूबाईंसाठी मसाल्याच्या डब्यांची मांडणी आली, मग शेजारच्यांच्या गॅलरीसाठी कुंड्यांचा रॅक. रीडरमध्ये माझ्या निबंधांच्या शेजारी मामांच्या ड्रॉइंगांचा वेगळा फोल्डर आहे, आणि तो माझ्यापेक्षा जास्त नीट लावलेला आहे. माझं वाचनही होतं. सकाळी जाताना एक निबंध, संध्याकाळी येताना समासातल्या टिपा. मैत्रीण खिडकीकडची जागा मला देते. पानं उडत नाहीत, मळमळ नाही.

फक्त सुट्टीच्या दिवशी रीडर मिळायची मारामार असते. परवा मी न्यायला गेले, तर मामा पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "थांब जरा, पोरी. माझा एक कोपरा ऱ्हायलाय." मी चहा ठेवला आणि वाट बघत बसले.