रुख्मिणीचा फ्लेक्स

बायांना तपासणीला नेलं की रुख्मिणी रांगेत स्वतः पहिली उभी राही. "आधी माह्यं रक्त घे," असं नर्सला म्हणे. मग मागच्या दोघीतिघींची भीड चेपे. वाशीममधल्या एका संस्थेत ती दहा वर्षं हे काम करत होती. कधीकाळी तीही याच धंद्यातली, म्हणून धंदा करणाऱ्या बाया तिचं ऐकत. निरोध कसा मागायचा, पोलिसाशी कसं बोलायचं, हे तिनंच त्यांना शिकवलं. एकीची गोष्ट दुसरीपुढे तिच्या तोंडून कधी निघाली नाही. स्वतःचीही नाही.

तिची मुलगी साक्षी रिठदला मामाकडे, देवमनकडे राहून बारावीला शिकत होती. रुख्मिणी दवाखान्यात आया आहे, एवढंच त्या दोघांना ठाऊक.

त्या दिवशी देवमन साक्षीच्या कागदांवर सह्या घ्यायला दहाच्या एसटीनं येणार होता. रुख्मिणी निघतच होती, तेवढ्यात त्या बायांमधल्या अंजूचा फोन आला. "ताई, स्टँडवर या. पाहासारखं हाये."

स्टँडच्या फाटकावर रुख्मिणीचा हात जोडलेला फोटो होता, दारापेक्षा मोठा. खाली ठळक अक्षरं : 'देहविक्री करणाऱ्या भगिनींची हक्काची ताई, सेवेची दहा वर्षे. शुभेच्छुक : समस्त मैत्रिणी.'

रुख्मिणीनं फाटकाचा गज धरला.

"नगरसेवकाच्या पुतण्याचा वाढदिवस आला का इथं फ्लेक्स लागते," अंजू कौतुकानं सांगत होती. "मंग आमच्या ताईचा काहून नाही? निता तं म्हणे, ताईले हार बी घालू."

"काढ तो."

"काय झालं, ताई?"

"माहा भाऊ येऊन राह्यला. दहाच्या गाडीनं."

शेजारी उभ्या निताच्या हातातला हार तसाच राहिला.

"तुमाले भाऊ हाये?" अंजू हळूच म्हणाली. "आमच्या घरचं कुत्रं बी तुमाले माहीत हाये. अन् आमाले तुमचं गाव बी माहीत नाही. आमाले वाटलं, तुमाले कोणीच नाही."

दुसऱ्यांची गुपितं झाकता झाकता रुख्मिणीनं आपली माणसंही या बायांपासून झाकली होती.

अंजूनं संत्रेवाल्याचा चाकू घेतला आणि फाटकावर चढली. एका बाजूची दोरी कापली, दुसरीही कापली. फ्लेक्स खाली पडला तो नेमका उताणा. रिठदची एसटी तेवढ्यात आत आली.

देवमन उतरला. बहिणीला बघून हसला, मग पायाशी पडलेला फोटो त्याला दिसला. तो वाकून, बोट फिरवत एकेक अक्षर वाचू लागला. वाचून झाल्यावरही वाकलेलाच राहिला.

अंजू रडवेल्या आवाजात म्हणाली, "दादा, चूक आमची हाये. ताईनं कोणाचंच वाईट नाही केलं."

देवमननं तिच्याकडे पाहिलंच नाही. कागदांची पिशवी छातीशी धरून त्यानं विचारलं, "साक्षीले काय सांगू मी?"

रुख्मिणी फ्लेक्स ओलांडून त्याच्यासमोर आली.

"तू कायले सांगतं? मीच सांगतो. तुह्यासंग येतो आज."

"अन् तिनं तोंड फिरवलं तं?"

"तं फिरवू दे. पण माह्याकडून ऐकून फिरवू दे."

परतीच्या एसटीत चढून देवमन खिडकीशी बसला आणि शेजारची जागा त्यानं पिशवी ठेवून धरली.