आधी हात दाखव

कांबळेबाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत. आधी त्याचा हात धरून उजेडाकडे वळवत आणि बोटांची टोकं निरखत. "आधी हात दाखव, मग नाव सांग," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटे, बाई भविष्य बघतात.

बाई माझ्या प्राथमिक शाळेतल्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी फोनला जोडायचं, बोटांचे ठसे घेणारं मशीन पदरमोड करून आणलं आणि भांडुपच्या टेकडीवर पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर बसू लागल्या. वस्तीत तेवढ्याच जागी नेट धड चालायचं. ज्यांच्याकडे साधा फोन, किंवा चांगला असला तरी रिचार्ज संपलेला, अशी म्हातारी माणसं पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला तिथे येत. सर्व्हर अडकला की बाई डबा उघडून सगळ्यांना चिवडा वाटत. "त्याला घाई नाही, मग आपल्याला कशाला?"

मी टेकडीच्या पायथ्याशी, टॉवरमध्ये राहतो. वडिलांचा दाखला मी घरच्या वायफायवर, सोफ्यात बसून काढला होता. एवढ्याशा गोष्टीवर कोणाचं घर अडत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

चारेक वर्षांपूर्वी आमच्याकडे भांडी घासणाऱ्या इंदूमावशींची पेन्शन थांबली. नवऱ्यामागे मिळणारी, आणि खोलीचं भाडं त्यातूनच जायचं. दाखल्यासाठी मशीनवर त्यांचा थंब, म्हणजे अंगठ्याचा ठसा, लागत नव्हता. बँकेतला माणूस म्हणाला, ऑनलाइनच करा. मावशी समोर धडधाकट उभ्या, पण मशीनला पटेना. खोलीच्या मालकाने महिनाअखेरची मुदत दिली, तेव्हा मी त्यांना बाईंकडे नेलं.

बाईंनी दहाही बोटं पाहिली. पाण्यासाबणाने रेषा झिजून ती पार गुळगुळीत झाली होती.

"किती घरं करतेस, इंदू?"

"चार."

"दहा दिवस पाण्यात हात घालायचा नाही. झोपताना खोबरेल चोळायचं."

"दहा दिवस खाडे केले तर दुसरी बाई ठेवतील ना."

"कोण ठेवतंय बघते." मग बाई माझ्याकडे वळल्या. "तुझ्या घरची भांडी तू घासायचीस. पगार कापायचा नाही. चल, बाकीच्या तिघांना सांगून येऊ."

"बाई, मला ऑफिसचे कॉल असतात."

"पाढे म्हणायची वेळ आली की तुझं पोट दुखायचं, तसंच ना?"

दोन घरं लगेच तयार झाली. तिसऱ्या घरची मालकीण कुरकुर करू लागली, तेव्हा तिथली भांडी बाईंनी स्वतः घासली, दहाही दिवस. हे मला मागाहून कळलं. माझी मात्र तिसऱ्या दिवशीच कढईशी झटापट करताना बोटं हुळहुळू लागली. इतकी वर्षं आपल्याकडची ताटं लख्ख निघतात एवढंच मी पाहिलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

अकराव्या दिवशी टाकीच्या पायऱ्यांवर थंब दोनदा फसला. मावशींनी बोट पदराला पुसलं, पुन्हा टेकवलं. या वेळी लागला. बाईंनी फोन त्यांच्यापुढे धरला.

"म्हणजे आता मी आहे ना, बाई?"

"आहेस. चिवडा खा."

मावशींची खोली टिकली. तेव्हापासून दाखल्याचे दिवस जवळ आले की आमच्याकडे त्यांना दहा दिवसांची भरपगारी रजा असते, आणि मोरीत मी असतो. घरचे हसून घेतात.

यंदा बाईंचे गुडघे फारच कुरकुरायला लागले, म्हणून त्या मुलीकडे दिंडोशीला राहायला गेल्या. मशीन माझ्या हवाली केलं. आता रविवारी पायऱ्यांवर मी बसतो, रांग मावशी लावतात आणि माझ्यावर ओरडतातही. चिवडा त्यांच्याच हातचा असतो.

निघायच्या दिवशी बाईंची रिक्षा येऊन उभी होती. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझा हात धरला, उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ बोटांची टोकं निरखली.

"तुझ्या रेषा अजून पुष्कळ शिल्लक आहेत," म्हणाल्या. "घासत जा."