काकूंनी दारात सांगितलं होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. नवऱ्याला नाही, नागपूरला जिच्याशी रोज फोनवर बोलते त्या आईलाही नाही. परवाच्या रविवारी पहिल्यांदा एका माणसाला सांगितलं आणि आता तुम्हाला सांगते आहे. सांगितल्यापासून मला कडकडून भूक लागते, छान झोप लागते, गाडी चालवताना मी चक्क गुणगुणते — आणि हे काही शोभणारं नाही, कळतंय मला. पण खोटं वागण्याचा इतका कंटाळा आलाय, की निदान एवढं तरी खरं सांगते. मला मोकळं वाटतंय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरच्या एका क्लिनिकमध्ये काम करते. आमच्याकडे येणारे बरेच जण गाडीच्या अपघातातले असतात. सिग्नलला थांबलेल्या गाडीला मागून कुणीतरी फोनमध्ये डोकं घालून ठोकतं, गाडीचा बंपर लगेच नवा बसतो आणि आतल्या माणसाची मान वर्षभर दुखत राहते. इथे अशा वेळी चूक कुणाचीही असो, उपचारांचा खर्च आपल्याच गाडीच्या इन्शुरन्सने द्यायचा असतो. पण त्यासाठी आम्ही आधी परवानगी मागायची, रुग्णाच्या नोंदी पाठवायच्या, मग कंपनीचा एखादा डॉक्टर — ज्याने त्या रुग्णाला पाहिलेलंही नसतं — त्या वाचून ठरवणार, अजून उपचारांची गरज आहे की नाही. तो नाही म्हणाला की आम्ही अपील करायचं, ठरलेल्या मुदतीत. रुग्णाने पहिल्याच दिवशी सह्या करून हे सगळं आमच्यावर सोपवलेलं असतं. आम्ही लढलो की नाही, हे त्याला आम्ही सांगू तेवढंच कळतं.

हे इतकं कंटाळवाणं का सांगते आहे? कारण मी जे केलं ते याच कंटाळवाण्या जागी केलं. तिथे कुणी बघत नसतं.

आणि गंमत ऐका. आमच्या क्लिनिकमध्ये अपिलाच्या बाबतीत आज माझा हात धरणारं कुणी नाही. नकाराचं पत्र आलं की बॉस म्हणतात, मृणालला द्या. मी खांदा किती वर जातो ते दर खेपेला मोजलेलं असतं, रुग्णाला घरी काय जमत नाही ते त्याच्याच शब्दांत लिहिलेलं असतं, कंपनीच्या डॉक्टरच्या एकेका मुद्द्याला मी शांतपणे उत्तर देते. कंपन्या बरेचदा नमतात. तिथे नमल्या नाहीत तर लवादापुढे नमतात. सगळे माझं कौतुक करतात, आणि मी हसून मान डोलावते. पण हे मी कुणाच्या जिवावर शिकले?

शरयू काकूंच्या.

काकू म्हणजे आमच्या इथल्या मराठी मंडळींचं हक्काचं माणूस. काका केमिकल इंजिनिअर, आता निवृत्त. दोघं इथे आली तेव्हा आमच्यापैकी बरेच जण जन्मलेही नसतील. मी वर्क व्हिसावर एकटी आले, तेव्हा माझ्याकडे दोन सुटकेसेस होत्या आणि एक कुकर, तोही शिट्टी नसलेला. काकूंनी गादी दिली, शिट्टी दिली, पहिल्या दिवाळीला घरी बोलावून उटणं लावून अंघोळ करायला लावली. त्यांचे केस कमरेपर्यंत. बोलता बोलता, आरशात न बघता, दोन्ही हात मागे नेऊन त्या असा अंबाडा घालायच्या की बघत राहावं. हात मागे नेऊन — हे लक्षात ठेवा.

मग त्यांचा अपघात झाला. काका चालवत होते, काकू शेजारी. मागून धडक बसली आणि सीटबेल्ट उजव्या खांद्यावर आवळला. त्या आमच्या क्लिनिकमध्ये आल्या ते माझं नाव घेऊनच. दुसरं कुणी नको म्हणाल्या, आपली मुलगी असताना परक्याकडे कशाला?

आल्या की मी विचारायचे, काकू, कशा आहात? आणि काकू म्हणायच्या, मस्त, तू कशी आहेस, जेवलीस का? मी संगणकावर लिहायचे: रुग्णाला बरं वाटत आहे, तक्रार नाही. व्यायामाच्या वेळी त्या हूं की चूं करायच्या नाहीत. ओठ मात्र घट्ट मिटलेले असायचे. मग कोट चढवायच्या, पर्स घ्यायच्या, सगळ्यांना बाय म्हणायच्या, दारापर्यंत जायच्या — आणि दाराला हात लावून मागे वळायच्या.

आता तुमच्याही घरी हे होत असेल. पाहुणे दोन तास सोफ्यावर बसून हवापाण्याच्या गप्पा मारतात, आणि खरं बोलणं निघतं ते चपला घातल्यावर, दारात. मुलीचं लग्न मोडलं, नोकरी गेली, रिपोर्ट चांगला आला नाही, हे सगळं आपण दारात सांगतो. काकूही दारात सांगायच्या. "अगं, या कुशीवर अजून झोपता नाही येत." किंवा, "अंबाडा घालायला काकांना बोलवावं लागतं, आणि ते काय घालतात ते तुला माहीतच आहे." हसत सांगायच्या. मी त्यांच्याच मुलखातली, त्यांच्याच भाषेत वाढलेली. खरं कुठलं आणि शिष्टाचार कुठला, हे मला नाही कळणार तर कुणाला? मला कळत होतं. पण तोवर माझा पुढचा रुग्ण टेबलावर आडवा झालेला असायचा आणि नोंद बंद झालेली. मी म्हणायचे, होईल हळूहळू.

आणि एवढंच असतं तर याला विसरभोळेपणा म्हणता आलं असतं. नाही — सांगतेच. मी खांदा मोजणंही सोडलं होतं. आदल्या खेपेची नोंद उचलायची, आजच्यावर चिकटवायची, आकडा थोडासा वाढवायचा. वाढायला हवा म्हणून वाढवायचा. काकूंचा हात होता तिथेच होता, वर जात होते ते माझे आकडे.

म्हणून नकार आला. पत्रात कंपनीच्या डॉक्टरने माझीच वाक्यं मला ऐकवली होती: तक्रार नाही, सुधारणा समाधानकारक, पुढील उपचार अनावश्यक. त्याचं काय चुकलं? समोर आलं ते त्याने वाचलं.

आमची बिलिंगवाली डोना माझ्या टेबलापाशी आली. अपील सोपं आहे म्हणाली, ही बाई घरी काय काय करू शकत नाही ते लिहून दे, नव्याने मोजमाप करून दे, पुढचं मी बघते. नव्याने मोजायचं म्हणजे खरा आकडा लिहायचा. तो जुन्या आकड्यांच्या कितीतरी खाली. मग कुणीतरी विचारणारच, आधीचे कुठून आले? माझी पाचावर धारण बसली. लायसन्स जाणार, नोकरी जाणार, आणि नोकरीवर टांगलेला व्हिसा, तोही जाणार. डोनाने पुन्हा विचारलं तेव्हा मी म्हणाले, त्यांनाच आता यायचं नाहीये. डोनाने खांदे उडवले आणि फाइल बंद केली. मुदत निघून गेली.

काकूंना सांगितलं, अपील केलं होतं, पण त्यांनी मान्य केलं नाही.

थांबा, अजून आहे. इथवरचं मी स्वतःशी अनेकदा कबूल केलं होतं, भांडी घासताना, इस्त्री करताना. पुढचं मात्र मनातही पूर्ण वाक्यात कधी आणलं नव्हतं. काकूंनी विचारलं, पण का गं नाही म्हणाले? साधा प्रश्न होता. माहीत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी म्हणाले, "काकू, तुम्ही दर वेळी 'मस्त' म्हणायचात ना. तेच धरून बसले ते."

सगळं खापर त्यांच्यावर फोडलं. मायेने, हातात हात घेऊन फोडलं.

आणि त्यांनी ते लगेच घेतलंसुद्धा. "माझंच चुकलं," म्हणाल्या. "तुला उगाच ताप झाला माझ्यामुळे." वर माझीच पाठ थोपटली, डाव्या हाताने. काका म्हणत होते, आपण आपल्या खिशातून करू उपचार. काकूंनी मला विचारलं, खरंच गरज आहे का? तेव्हा तरी हो म्हणायचं की नाही? पण हो म्हटलं तर, मग तसं लिहिलं का नाहीस, हा प्रश्न आलाच. मी म्हणाले, घरी व्यायाम केलात तरी चालेल.

नाही चालला. खांदा आखडत गेला. पुढे कधीतरी दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की आता पूर्ण वर जायचा नाही, आधी यायला हवं होतं. काकूंनी केस कापले, मानेपर्यंत. मंडळाच्या कार्यक्रमात सगळ्यांनी चिडवलं, काकू मॉडर्न झाल्या, आता जीन्स कधी घालताय? काकूही हसल्या. मीही हसले. त्या खोलीत ते केस का गेले हे काका-काकूंखेरीज मलाच ठाऊक होतं, आणि मी सगळ्यांत मोठ्याने हसले.

मी स्वतःला सांगितलं होतं, ग्रीन कार्ड येऊ दे, मग सांगेन. ग्रीन कार्ड आलं. त्या दिवशी नवरा आणि मी बाहेर जेवायला गेलो, मी दोन कुल्फ्या खाल्ल्या, आणि काही सांगितलं नाही. म्हणजे व्हिसाचंही कारण नव्हतं. भित्रेपणा होता, आणि नंतर नंतर तर सवय.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक नवीन मुलगी आली होती, पुण्याहून नुकतीच आलेली. तिच्या गाडीला कुणी ठोकलं होतं, मान दुखते म्हणाली, पण फार काही नाही, मस्त आहे. काकूंनी तिला सगळ्यांसमोर जवळ बसवलं. "मस्त म्हणू नकोस," म्हणाल्या. "मी म्हणत राहिले आणि हात घालवून बसले. ही मृणाल बिचारी माझ्यासाठी किती झगडली, पण मीच तोंड उघडलं नव्हतं, ती काय करणार?"

सगळ्या बायका माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. माझ्या हातात तिळाची वडी होती, ती खाली ठेवावी की तोंडात टाकावी, हेही मला सुचेना. त्या शिकवत होत्या, इतरांना वाचवत होत्या, आणि त्यासाठी दर वेळी स्वतःला दोषी ठरवत होत्या. कितीजणींना सांगितलं असेल त्यांनी हे? माझं खोटं मी एकदाच बोलले होते, त्या बिचाऱ्या ते कायमच्या खरं मानून बसल्या होत्या.

तरीही आणखी काही आठवडे गेले. रविवारी गेले. काका फिरायला बाहेर पडले होते. काकू स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या, उजवं कोपर अंगाशी धरून, जसं त्या हल्ली सगळंच करतात. मी बसलेही नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं — मोजलं नव्हतं ते, डोनाला काय म्हणाले ते, अपील झालंच नव्हतं ते, आणि "मस्त"चं. मधे व्हिसाचं निघालं तेव्हा माझं मलाच ऐकवेना, ते वाक्य मी अर्ध्यावर सोडलं. बॉस सुट्टीवरून परत आले की त्यांनाही हे सगळं सांगणार आहे, हेही सांगितलं. काकूंनी मला अडवलं नाही. मटार सोलणं मात्र थांबलं होतं.

सगळं संपल्यावर त्या म्हणाल्या, "चहा घेतेस ना?"

घेतला. काय करणार? आम्ही समोरासमोर बसून चहा प्यायलो. त्या बर्फाबद्दल बोलल्या, यंदा उशिरापर्यंत पडत राहिलं म्हणाल्या, बागेतल्या गुलाबाचं काही खरं नाही म्हणाल्या. मी हो हो म्हणत होते. मग मी उठले, कप विसळला, कोट घातला, बूट घातले आणि दार उघडलं. काकू मागोमाग आल्या. आणि मला आधीच कळलं, आता बोलतील.

"मृणाल, मी सांगितलं होतं ना गं तुला? या कुशीवर झोपता येत नाही, केस बांधता येत नाहीत — सांगितलं होतं ना?"

"हो काकू. प्रत्येक वेळी सांगितलं होतं."

त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. "मला वाटायला लागलं होतं, मी बोललेच नाही कधी," म्हणाल्या. मग एक लांब श्वास सोडला. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी उतरलं, मी समोरून पाहिलं. इतक्या वर्षांचं ते ओझं त्यांचं नव्हतंच.

मला माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही माफी मागितली नव्हती. निघताना त्या नेहमी "येत जा गं" म्हणतात, आणि गाडी वळेपर्यंत दारात उभ्या राहून हात हलवतात. या वेळी त्यांनी डाव्या हाताने दार लावून घेतलं.

मी गाडीत बसले, इंजिन सुरू केलं, आणि बंद दाराकडे थोडा वेळ बघत राहिले. आणि तेव्हाही, खरंच सांगते, मला हलकं वाटत होतं.