पासवर्ड विचारणारे नाना

रघुनाथ नानांना मी प्रथम पाहिलं ते जळगावात, एका कापडदुकानावरच्या त्यांच्या संगणकाच्या वर्गात. चैत्रातली दुपार होती. कूलर घरघरत होता आणि चार काळ्या पडद्यांवर हिरवी अक्षरं लुकलुकत होती. धरणगावहून एसटीनं आलेली मी पेंगुळल्यासारखी दारातच उभी राहिले. नाना म्हणाले, "या, बसा." बारावी होईपर्यंत मला कुणी अहो-जाहो केलं नव्हतं. मी तिथंच त्यांची शिष्या झाले.

नाना मूळचे टेलिफोन ऑपरेटर. एक्स्चेंज स्वयंचलित झालं आणि त्यांचा बोर्ड गेला. बरोबरीच्या अनेकांनी हाय खाल्ली. नाना मात्र निम्म्या वयाच्या मुलांशेजारी बसून संगणक शिकले. कुणी कौतुक केलं तर म्हणत, तारा त्याच आहेत, फक्त खुंट्या बदलल्या. लोकांचं बोलणं कानावर पडायचं आणि ते पोटात ठेवायचं, ही बोर्डावरची सवय त्यांनी वर्गात आणली. कुणी पासवर्ड टाकू लागलं की बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. नैवेद्याच्या वेळी पडदा धरतात ना, तसं. आम्ही खुदखुदायचो, पण नाना स्वतःही भिंतीकडे वळत.

पुढे मला धुळ्याच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. क्षयाच्या रुग्णांच्या नोंदी माझ्याकडे होत्या आणि आमचा संगणक फोनच्या तारेनं जळगावच्या प्रयोगशाळेला जोडलेला होता. पासवर्ड ज्याच्या हाती, त्याला कुठूनही सगळी नावं दिसणार. तेव्हा क्षयाचं नाव फुटलं की मुलीचं लग्न मोडलंच म्हणून समजा.

एके दिवशी फोन आला. मुंबईच्या कंपनीतले वयस्क, गोड आवाजाचे इंजिनिअर बोलत होते. यंत्र दुरुस्त करायचं म्हणून त्यांना पासवर्ड हवा होता. आमच्या खान्देशात मोठ्या माणसाला नाही म्हणायला जीभ वळत नाही. मी पासवर्ड दोनदा सांगितला, वर चहा झाला का तेही विचारलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं नाना दारात हजर! त्यांनी टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. तिच्यावर माझाच पासवर्ड होता. म्हणजे तो गोड आवाज त्यांचाच होता. मी रडकुंडीला आले. नाना कुणाकडे चकार शब्द बोलले नाहीत. मला मात्र हळूच म्हणाले, "पोरी, हाई बठ्ठं लोकेसनं शे, आपलं नई." हे सगळं लोकांचं आहे, आपलं नव्हे.

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी ते आवाज बदलून फोन करू लागले. कधी साहेब, कधी इन्स्पेक्टर, एकदा तर चक्क म्हातारी अक्का. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी एकही सुटला नाही. मी तरबेज झाले होते.

म्हणूनच एका दुपारी 'जळगावचे डॉक्टर' फोनवर मुक्ताईनगरकडच्या एका मुलीचे रिपोर्ट बघायचेत म्हणून पासवर्ड मागू लागले, तेव्हा मला हसू आवरेना. "नाना, आज आवाज नाही जमला," असं म्हणून मी फोन ठेवला. संध्याकाळी फुशारकी मारायला नानांना फोन केला.  ते म्हणाले, "मी आज फोनच केला नाही."

 दोन दिवसांनी तोच आवाज आमच्या खिडकीवर आला. त्या मुलीच्या होणाऱ्या नवऱ्याचे काका होते. आमच्या डॉक्टरांनी त्यांना वाटेला लावलं. मुलगी औषधं घेऊन ठणठणीत बरी झालेली होती. आजाराचं सासरच्यांना सांगायचं की नाही, कधी सांगायचं, हे तिचं तिनं ठरवायचं होतं. वैशाखात तिची लग्नपत्रिका दवाखान्यात आली. हळदीचं बोट लागलेली ती पत्रिका मी कितीतरी वेळ हातात धरून बसले. कूलर घरघरत होता आणि मला पुन्हा ती जळगावची खोली दिसत होती. नोकरी कशासाठी करायची, हे मला त्या दिवशी कळलं.

आज नाना साठीत पाऊल टाकत आहेत. शाल-श्रीफळ बाकीचे देतीलच. माझं मागणं एवढंच, की नानांचा आवाज असाच खणखणीत राहो, पाय असेच पहिली एसटी गाठोत, आणि आणखी चाळीस वर्षं त्यांचे फोन येत राहोत. नाना, तुम्ही विचारत राहा. मी नाही म्हणत राहीन.