माग थांबला की जाग येते

माधवनगरच्या गिरणीत मी उभी हयात मागावर काढली. त्या खडखडाटात आम्ही उभ्याउभ्या डुलक्या घ्यायचो. माग चालू असेपर्यंत डोळा लागलेला. ताण्याचा धागा तुटून माग थांबला, की त्या शांततेनं दचकून जाग यायची. म्हातारपणी झोप उडाली तेव्हा नेमकं हेच मला आठवलं नाही. निवृत्त होताना अक्कल फाटकावर जमा केली असणार.

डॉक्टरांनी गोळ्या द्यायला साफ नकार दिला. "या वयात गोळीच्या गुंगीत उठलात, तर पडाल. दुपारची झोप बंद, चारनंतर चहा बंद, संध्याकाळी चाला. खोलीत अंधार आणि शांतता ठेवा."

पुण्याहून आलेल्या मुलानं शांतता फारच मनावर घेतली. भिंतीवरचं घड्याळ काढलं, कुरकुरणाऱ्या पंख्याला तेल दिलं. जाताना म्हणाला, "दिवाळीपर्यंत झोप लागली नाही, तर दोघांनाही पुण्याला नेणार." पुण्याचा तो सातवा मजला आठवला की बायको देवापुढं हात जोडते. तिथं तिला बोलायला फक्त भिंती.

मी सगळं पाळलं. दुपारी डोळा लागू नये म्हणून शेंगा फोडत बसायचो. त्या खाऊन पोट बिघडलं आणि रात्रीचं जागरण दुप्पट झालं.

अशाच एका संध्याकाळच्या फेरीत बंद गिरणीच्या भिंतीपाशी आलो, तर आत माग चालू. एकच माग. खट-खटाक्, खट-खटाक्.

राखणदाराला विचारलं, "शेड कुणी भाड्यानं घेतली का रं?"

"आवं तात्या, माग कवाच भंगारात गेलं. या, बघा की."

त्यानं फाटक उघडलं. आत गुडघाभर गवत आणि फरशीत मागांचे गंजलेले बोल्ट. आवाज चालूच होता. मी माझ्या मागाच्या जागेवर जाऊन उभा राहिलो आणि तो थांबला. धागा तुटल्यासारखा. राखणदार तंबाखू मळत होता; त्याला ना चाललेलं ऐकू आलं होतं, ना थांबलेलं.

घरी येऊन सांगितलं. बायको म्हणाली, "पोराला फोनवर यातलं काय बी सांगू नगा. उद्याच गाडी घिऊन ईल." मग जरा वेळानं, "तुमाला खडखडाटच पायजे व्हय? आदी बोलायचं की."

तिचं पायानं चालवायचं शिलाई मशीन आम्ही पलंगाशेजारी सरकवलं. दोरा न ओवताच ती पाय मारू लागली. "अगं, डॉक्टर शांतता म्हणालेत" एवढं म्हणेपर्यंत मी घोरायला लागलो.

तेव्हापासून रोज त्याच खडखडाटात झोप लागली. दिवाळीला मुलगा आला, माझं घोरणं ऐकून त्याची झोप उडाली आणि तो एकटाच परत गेला. त्यानंतर एका सकाळी मी बायकोला म्हणालो, "रोज किती पाय मारतेस. गुडघे धरतील. आता बास कर."

भाकरी थापणारा तिचा हात थांबला.

"आवं, मशीनचा पट्टा तर पयल्याच राती तुटला. म्या म्हटलं, गुण आलाय, आता कशाला पायजे."

जाऊन पाहिलं. पट्टा मशीनखाली लोंबत होता. त्यावर धूळ बसली होती.

नवा पट्टा बाजारात सहज मिळतो. मी अजून आणलेला नाही. चालत्या मागाला हात लावायचा नसतो, एवढी गिरणीतली अक्कल शिल्लक आहे.