आल्गोट लोहाराची शब्दांची वही

नूरबेर्य गावाजवळच्या खाणवस्तीत आल्गोट सँडेलची भट्टी होती. हात गुणी, जीभ कडू. बायको लवकर गेली. एकुलती एक मुलगी तूरा उप्सालाच्या विद्यापीठात जुन्या भाषा शिकायला गेली, तेव्हा त्यानं गावभर मिरवलं. तिच्यासमोर मात्र कधी कौतुकाचा शब्द काढला नाही.

ईस्टरला ती घरी आली. वाटाण्याचं सूप वाढता वाढता म्हणाली, "बाबा, लोखंडाला आपण यॅर्न म्हणतो ना, तो शब्द मूळचा प्राचीन केल्ट लोकांचा असावा म्हणतात. त्यांच्यातल्या गॉलांचा शब्द होता इसार्नो. त्यांच्या एका गावाचं नाव इसार्नोदोरी. ओळखा अर्थ."

"यॅर्नदॉर. लोखंडी दार. त्यात ओळखायचं काय?"

तूरा हरखली. "इतकं जुनं नाव, आणि तुम्हाला पुस्तकाशिवाय कळलं."

"कळलं. आता तुझ्या गॉलांना सांग, उद्या येऊन माझा भाता ओढा."

ती हसली नाही.

ऑक्टोबरात तिचं पत्र आलं. प्रबंधासाठी तिला आजोबांच्या, म्हणजे आल्गोटच्या लोहार वडिलांच्या, तोंडचे लोहारकामाचे शब्द हवे होते, प्रत्येक सांडशीचं, हातोड्याचं नाव. आल्गोट लिहायला बसला. पण शाळा चारच वर्षं झालेली. पहिल्याच ओळीत तीनदा अडला. हा कागद तिच्या प्राध्यापकांनी पाहिला तर? त्यानं तो भट्टीत टाकला. आणखी दोन पत्रं आली. त्यांनाही उत्तर गेलं नाही. वर्षभरात तूरानं प्रबंध सोडला आणि वेस्टेरोसला एका विमा कचेरीत लागली.

बारा वर्षांनी भट्टी बंद पडली. मग रिकामपणी आल्गोटनं एका वहीत एकशे सत्तावीस शब्द लिहून काढले, चुकांसकट, आणि ख्रिसमसला ती घरी आली तेव्हा वही तिच्यापुढे ठेवली.

तिनं दोन पानं उलटली. "तेव्हा का नाही पाठवलंत?"

"मला नीट लिहिता येत नाही, तूरा. तुला मान खाली घालावी लागली असती."

"मला वाटलं, माझं शिकणंच तुम्हाला फालतू वाटतं."

तसं आपणच तिला वाटू दिलं, हे आल्गोटला कळत होतं. त्यानं विचारलं, "आता उपयोग होईल का?"

"कुणाला तरी होईल. मी विसरले सगळं, बाबा."

तिनं पर्समधून पेन्सिल काढून पहिल्या शब्दातली चूक सुधारली आणि वही मिटली. निघताना ती वही न्यायला विसरली. आल्गोट वही घेऊन पायरीपर्यंत गेला, पण हाक मारणं काही त्याला जमलं नाही.