पहिल्यांदा नको म्हणायचं असतं

माझ्या सुनेनं मला पहिल्यांदा मायेचे शब्द ऐकवले, तेव्हा मी दोन्ही हात ताटावर आडवे धरून "नो, नो, बास" म्हणालो.

सून स्पेनची. आमचा श्रीकांत तिकडं नोकरीला गेला आणि लुसियाशी लग्न करून मोकळा झाला. माझं निलंग्यात पंप दुरुस्तीचं दुकान आहे. जळालेल्या मोटारीचं दुःख मला लगेच कळतं, पण प्रेमाबिमाच्या बोलण्याची कानाला सवय नाही. आमच्या घरात माया म्हणजे "जेवलास का?" एवढंच. त्याला उत्तरही "हाव" एवढंच.

दोघं पहिल्यांदाच गावी यायचे होते. त्याआधी श्रीकांतचा फोन आला.

"बाबा, लुसिया लहान असतानाच तिचे वडील वारले. तिकडं घरच्या माणसाला तोंडानं सांगत्यात. ती तुम्हाला 'ते किएरो' म्हणंल. म्हणजे माझा तुमच्यावर जीव हाय. तुम्ही 'यो ताम्बिएन' म्हणायचं. म्हणजे माझाबी. बास."

"आन् न्हाई म्हणलो तर?"

"तर तिला वाटंल, तुम्ही तिला लेक मानलंच न्हाई."

पोरीला बाप नाही, आणि मला बाप व्हायची परीक्षा द्यायची ती परक्या भाषेत!

सराव करणं भाग होतं. बायकोसमोर ते शक्य नव्हतं (लग्न झाल्यापासून मी तिला कधी नावानंसुद्धा हाक मारलेली नाही). म्हणून दुकानाशेजारचे रशीदभाई शिंपी यांना गाठलं. त्यांनी मशीन थांबवलं, टेप गळ्यात नीट केला आणि गंभीरपणे म्हणाले, "अण्णा, ते किएरो."

"यो ताम्बिएन, रशीदभाई."

बाकड्यावर बसलेल्या एका बाईंनी ब्लाउजचं कापड परत पिशवीत घातलं आणि "उद्या येते" म्हणून निघून गेल्या.

श्रीकांतनं आणखी एक शब्द सांगून ठेवला होता, "ते आमो". तो फक्त नवरा-बायकोचा, तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका, म्हणाला होता. रशीदभाईंचंही तेच मत पडलं.

"त्यो पाठच करू नका, अण्णा. ऐन टायमाला त्योच तोंडातून निघाला तर इज्जतीचा फालुदा."

शेवटी पाहुणे आले. दुसऱ्याच दिवशी पुरणपोळीचं जेवण आणि घरभर भावकी. लुसिया माझ्या बायकोची इरकली साडी नेसून, पदर खोचून पंगतीत तूप वाढत होती. माझ्या पोळीवर तूप सोडलं, वाटी हातात धरूनच ती खाली वाकली आणि हळूच म्हणाली, "पापा, ते किएरो."

आता ज्यांचं आयुष्य पंगतीत गेलं त्यांना वेगळं सांगायला नको. समोर कुणी वाटी घेऊन वाकलं आणि प्रेमानं काही म्हणालं, की आमच्याकडचा माणूस नको म्हणतो. पोटात भूक असली तरी म्हणतो. पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदाही नको, तिसऱ्यांदा "बरं, अर्धी". पहिल्या हाकेला हो म्हणणारा तो हावरट. शब्द कानावर पडायच्या आत माझे हात ताटावर गेले होते, आणि पाहुणी परक्या मुलखाची म्हणून मी नकार तिच्याच भाषेत दिला (त्यांच्यातही नकोला 'नो'च म्हणतात).

लुसिया वाटी घेऊन आत गेली. थोड्या वेळानं श्रीकांत माझ्यामागं येऊन उभा राहिला.

"बाबा, ती रडायली. माझं काय चुकलं म्हणून इचारायली."

मी हातातला घास ताटात ठेवला. तेवढ्यात आमच्या मंडळी मदतीला धावल्या.

"आरं, पहिल्या झटक्याला कुणी हाव म्हणतं का? सांग तिला. आपल्यात दोनदा नको म्हणावं लागतंय. अजून दोनदा इचार म्हणावं. मग बघ कसं घेत्यात."

श्रीकांतनं सगळं समजावून सांगितलं. लुसियानं डोळे पुसत नीट ऐकून घेतलं, पण पुन्हा काही विचारलं नाही. पुढचे दिवस मी दुकान बंद ठेवून तिच्या समोरच खुर्ची टाकून बसायचो, खाकरायचो. ती गोड हसायची आणि चहा आणून द्यायची. दुसऱ्यांदा आग्रह होईना, आणि कुणी आग्रह केल्याशिवाय घ्यायचं कसं? मुरुडला माझ्या बहिणीकडं जेवायला गेलो, तिथं मात्र लुसियानं जिलेबीला दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घेतली. बहीण खूश झाली. मी तोंड पाडून बसलो.

निघायचा दिवस आला. लुसियाला लातूरपर्यंत एसटीनंच जायचं होतं. श्रीकांतनं सामान वर चढवलं. लुसिया माझ्या पाया पडली, आणि मला एकदम वाटलं, आता ही गेली तर मनात तो 'नो' घेऊनच जाईल. माझा या पोरीवर जीव बसला होता. मी म्हणालो, "लुसिया, ते किएरो."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग शांतपणे दोन्ही हात पुढं आडवे धरले, ताटावर धरतात तसे.

"नको, नको, बाबा."

आसपासची माणसं थांबली. मी पुन्हा म्हणालो. "नको. बास," ती म्हणाली. तिचा चेहरा अगदी गंभीर होता.

"अवं, आग्रह करा की," मागून बायको म्हणाली. "आसं कोरडं काय म्हणायलाव?"

कंडक्टर दारातून वाकला. "मामा, उरका लौकर. गाडीला टाइम झाला."

चालू मोटारीशेजारी गिऱ्हाइकाशी बोलताना लावतो तो आवाज मी लावला आणि आख्ख्या स्टँडाला ऐकू जाईल असं म्हणालो, "ते किएरो, बाई!"

"हाव," लुसिया म्हणाली. "यो ताम्बिएन." आणि सगळ्यांसमोर तिनं मला मिठी मारली. मी रडलो. कंडक्टरनं बेल मारली नाही, थोडा वेळ वाट पाहिली.

गाडी गेल्यावर आम्ही दोघं पायी घरी निघालो. वाटेत बायको म्हणाली, "बायकोला काय म्हणत्यात वो त्यांच्यात?"

"त्यो येगळा शब्द हाय. सांगू का?"

"नको, नको," ती म्हणाली आणि पदर सावरून भराभर पुढं चालू लागली. मीही बरं म्हणून तिच्यामागं चालू लागलो.

हा तिचा पहिला नकार होता, हे माझ्या डोक्यात घरी कुलूप उघडताना आलं. आता अजून दोनदा विचारायचं आहे. शब्द तोंडात बसलेला नाही, आणि या शब्दाच्या सरावाला रशीदभाई बसायला तयार नाहीत.